नऊ शर्ट आणि दहा रुपये

"मॅडम, कुपवाड एमआयडीसीत आमचं बावीस मशिनींचं शिलाई युनिट आहे. पुण्याच्या एका व्यापाऱ्यासाठी शाळेचे गणवेश शिवतो. गेल्या महिन्यात 1100 शर्टांचा लॉट तयार केला. त्यांचा माणूस आला, फक्त 80 शर्ट काढून बघितले, 9 खराब निघाले आणि अख्खा लॉट नापास करून गेला. हा कुठला न्याय? चुका थांबाव्यात म्हणून मी आधीपासूनच खराब पीसमागे दहा रुपये कापते. पण आता बायका खराब पीस गठ्ठ्याच्या तळाशी दडवतात आणि कॉलर करणाऱ्या माझ्या दोन चांगल्या बायका काम सोडून गेल्या. गेल्या वर्षी धुतल्यावर गळ्याचं बटण लागत नाही अशाही तक्रारी आल्या होत्या. मिस्टर म्हणतात, आणखी दोन कडक चेकर ठेव. एक सल्लागार म्हणतो, आयएसओ घ्या, सगळं रांगेत येईल. काय करू?"
एक त्रासलेली उद्योजिका, सांगली

ताई, पत्रासोबत त्या माणसाच्या रिपोर्टचा फोटो जोडलात हे फार बरं केलंत. तो नसता तर मीही चार गुळगुळीत वाक्यं लिहून मोकळी झाले असते. फोटो मोठा करून मी दोनदा वाचला. आधी न्यायाचं बोलू, कारण तुमचा राग तिथे अडकलाय.

80 हा आकडा त्याने मनाने काढलेला नाही. माल किती, तर नमुना किती, याचे ठरलेले तक्ते असतात. त्यांची मुळं दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकी लष्कराच्या खरेदीत आहेत. आज तेच तक्ते आयएसओ 2859 या नावाने जगभर आणि आयएस 2500 या नावाने आपल्याकडे चालतात. लॉट 501 ते 1200 नगांचा असला की नेहमीच्या पातळीला 80 नग काढायचे. कपड्यांच्या धंद्यात मोठ्या दोषांसाठी बहुतेक जण 2.5 चा एक्यूएल, म्हणजे शंभरामागे किती दोष सोसायचे त्याची मर्यादा, धरतात. त्यात पाच दोषी नगांपर्यंत पास, सहावा सापडला की नापास. किरकोळ दोषांना 4.0 धरला तर सातपर्यंत चालतात, आठाला लॉट पडतो. तुमचे निघाले नऊ, आणि रिपोर्टात नऊच्या नऊ मोठ्या दोषांच्या रकान्यात आहेत.

खरं सांगायचं तर हा तक्ता तुमच्यापेक्षा व्यापाऱ्याला जास्त महागात पडतो. ज्या लॉटमध्ये शंभरात पाच शर्ट खराब आहेत, असा लॉटसुद्धा या चाळणीतून चारांत तीनदा तरी पास होऊन जातो. तुमच्या 80 मध्ये 9, म्हणजे ढोबळ हिशेबाने 1100 मध्ये शंभर-सव्वाशे. तेवढे शर्ट एखाद्या शाळेत पोचले असते तर पुढच्या वर्षीची ऑर्डर कुठे गेली असती, ते मी सांगायला नको.

आता ते नऊ शर्ट. रिपोर्टात असं लिहिलंय: तीन शर्टांत बाहीचा रंग अंगापेक्षा वेगळा. दोन शर्टांच्या कॉलरवर फुगे. दोघांत बगलेच्या शिवणीचे टाके सुटलेले. एकावर तेलाचा डाग. एकाचा खिसा तिरका.

ताई, यात शिवणाऱ्या बाईच्या हाताच्या चुका किती आहेत, मोजा बरं. रंगाचा फरक कटिंगच्या टेबलावर झाला. फुगे फ्यूजिंगला, म्हणजे कॉलरच्या आत बक्रमचं कडक अस्तर गरम दाबून चिकटवताना आले. टाके सुटतात ते बहुतेक वेळा बोथट किंवा वाकलेल्या सुईमुळे, नाहीतर मशिनीत दोरा पकडणाऱ्या हुकचं टाइमिंग सरकल्यामुळे. तेल मशिनीतून गळलं. राहिला खिसा, आणि खिशाची खूणसुद्धा कटिंगलाच पडते. म्हणजे नऊमधला एक, तोही फार तर. बाकी आठांचे दहा-दहा रुपये तुम्ही भलत्याच माणसाकडून वसूल केलेत.

मी या धंद्यात चेकर म्हणूनच शिरले होते. ज्या कारखान्यात होते त्याचं नाव नको. तिथे एका टेबलावरून येणाऱ्या शर्टांवर सारखा धागा ओढलेला दिसायचा. त्या टेबलावरच्या बाईचे तीन आठवडे पैसे कापले गेले. ती रडायची, सुपरवायझर म्हणायचा नखं वाढवलीस म्हणून होतं. शेवटी एक दिवस तिच्याकडचा गठ्ठा उचलताना माझाच पदर टेबलाच्या कडेला अडकला आणि टर्रकन फाटला. सनमाइकाच्या पट्टीखालून बारक्या खिळ्याचं डोकं वर आलं होतं, नखाएवढं. सुताराने हातोडीचे दोन ठोके घातले आणि दोष बंद झाला. तिचे पैसे मात्र परत मिळाले नाहीत. ते रिपोर्ट लिहिणारी मीच होते, म्हणून ते अजून सलतं.

हे तुमच्या बायकांना आणि मिस्टरांनाही पटवून द्यायचं असेल तर एक खेळ करा. एडवर्ड्स डेमिंग नावाचे अमेरिकी संख्याशास्त्रज्ञ 1950 साली जपानी उद्योजकांना गुणवत्तेचं शिकवायला गेले होते. पुढे त्यांच्या व्याख्यानांत ते लाल-पांढऱ्या मण्यांचा प्रयोग करून दाखवत. आपण मणी कुठून आणायचे? घरात चवळी आहे. पांढरी चवळी चार वाट्या आणि तेवढ्याच दाण्याची लाल चवळी एक वाटी, एका डब्यात नीट मिसळा. प्रत्येकीला डोळे मिटून पन्नास दाणे काढायला सांगा. लाल दाणा म्हणजे खराब शर्ट. सरासरी दहा लाल येतील, पण कुणाला सहा येतील, कुणाला चौदा. सहावालीला टाळ्या आणि चौदावालीला दंड करा, आणि पुन्हा काढायला लावा. दुसऱ्या खेपेला आकडे फिरलेले असतील. मग विचारा, लाल दाणे कमी करायचे तर काय करायचं? सगळ्यात लहान पोरगी सांगेल, डब्यातली लाल चवळी वेचून काढा. तुमच्या युनिटमधला तो डबा म्हणजे कापड, कटिंग, फ्यूजिंग आणि मशिनी, आणि तो भरणाऱ्या तुम्ही.

दंडाचं आणखी एक. पगारातून दंड कापायला कायद्याने मर्यादा आहे. 1936 च्या वेतन कायद्यातही होती, 2019 च्या वेतन संहितेतही आहे: त्या मुदतीच्या वेतनाच्या 3 टक्क्यांवर दंड जाता कामा नये, आणि बाजू मांडायची संधी दिल्याशिवाय तो लावताच येत नाही. पण कायदा बाजूला ठेवला तरी धंद्याच्या हिशेबाने दंड खुळचट आहे. पीसवर पैसे मिळणाऱ्या बाईला चूक दाखवली की दहा रुपये जातात आणि दडवली की काहीच जात नाही. मग ती तळाशी दडवणारच, मीही दडवली असती. सकाळी दहाला वाकलेली सुई तुम्हाला कळते संध्याकाळी सहाला, दोनशे शिवणी झाल्यावर. उद्या सकाळी सगळ्यांना जमवून दंड बंद केल्याचं सांगा. गेल्या महिन्यात कापलेले परत करा. रक्कम फार नसेल, पण त्याशिवाय पुढचं काही कुणी मनावर घेणार नाही.

आता लाल चवळी वेचायला घेऊ. सगळीकडे सारखा जोर लावू नका. तुमच्या रिपोर्टात रंग पहिला आहे, तिथून सुरू करा.

तुमचं कापड इचलकरंजीहून येतं असं तुम्ही लिहिलंय. एकाच ऑर्डरचे तागे असले तरी रंगाईच्या वेगवेगळ्या खेपांचे असू शकतात. प्रत्येक ताग्याच्या सुरुवातीची आणि शेवटची वीतभर पट्टी कापा, मागे ताग्याचा नंबर लिहा, आणि सगळ्या पट्ट्या शेजारी शेजारी शिवून एक गोधडी करा. ती अर्धी धुवा. मग दाराशी, उन्हाची तिरीप थेट न पडेल अशा उजेडात बघा. ट्यूबलाइटखाली जुळे वाटणारे दोन तुकडे अंगणात सावत्र निघतात, हे मी कितीदा पाहिलंय. गोधडीवरून ताग्यांचे दोन-तीन गट पाडा आणि एकदम कापायच्या एका थप्पीत एकाच गटाचे तागे अंथरा. कापल्यावर प्रत्येक थराच्या सगळ्या भागांना एकच नंबर चिकटवा. सतरा नंबरच्या अंगाला सतरा नंबरचीच बाही. तुमच्या कटिंग मास्तरला हे वेळखाऊ वाटेल. त्याला ते तीन शर्ट हातात द्या आणि दाराशी उभं करा.

तागा आला की उलगडून बघण्याचीही एक ठरलेली रीत आहे, चार गुणांची. दोष तीन इंचांपर्यंत असेल तर एक गुण, सहापर्यंत दोन, नऊपर्यंत तीन, त्यावर चार. एका वारात कितीही दोष असले तरी चारच्या वर गुण द्यायचे नाहीत. मग एकूण गुणांना 3600 ने गुणा आणि पन्ह्याचे, म्हणजे रुंदीचे, इंच गुणिले लांबीचे वार यांनी भागा. उत्तर 40 च्या वर गेलं की तागा परत, असा बाजाराचा साधारण नेम. समजा तागा 110 वारांचा, पन्हा 58 इंच, गुण पडले 30. उत्तर सतराच्या आत, तागा चांगला. तेच गुण 75 पडले तर 42, परत पाठवा. सगळे तागे उलगडायला माणूस नसेल तर दहातला एक उलगडा, पण उलगडा. कापलेलं कापड गिरणी परत घेत नाही.

गळ्याच्या बटणाची तक्रार आटण्याची आहे. कापडावर 50 सेंटिमीटरचा चौकोन धुऊन न जाणाऱ्या पेनाने आखा, तीनदा धुवा, वाळवा, मोजा. 48.5 भरला म्हणजे 3 टक्के आटलं. 38 सेंटिमीटरचा गळा मग 37 च्याही खाली जातो आणि पोराच्या गळ्याला फास बसतो. अशा कापडाला पॅटर्नमध्येच गळा 39.2 चा काढावा लागतो. उभा ताणा आणि आडवा बाणा वेगवेगळे आटतात, म्हणून दोन्हीकडून मोजा. दोन दिवसांचं काम आहे, पण कात्री लागायच्या आधी करायचं. कात्री लागल्यावर करून नुसतं दुःख होतं.

कॉलरच्या फुग्यांबद्दल मला एक शंका आहे. तुम्ही फ्यूजिंग मशिनीवर करता की हाताच्या इस्त्रीने? लहान युनिटांत बहुतेक इस्त्रीच चालते. बक्रम चिकटायला तापमान, दाब आणि वेळ तिन्ही लागतात, आणि इस्त्रीवर तिन्ही बाईच्या मनगटावर अवलंबून. दुपारी लाइट मंद झाली की इस्त्री गार, आणि कॉलर वरून चिकटलेली दिसते पण पहिल्या धुण्याला फुगते. बक्रमवाल्याकडून तापमान, दाब, वेळ लिहून घ्या. तापमान दाखवणाऱ्या कागदी पट्ट्या मिळतात, त्या प्लेटच्या चारही कोपऱ्यांत ठेवून बघा, एक कोपरा गार निघतोच. आणि रोज सकाळी पहिला तुकडा चिकटवून, गार झाल्यावर हाताने सोलून बघा. सहज सोलला तर ती मशीन किंवा इस्त्री दुरुस्त होईपर्यंत कॉलर बंद. दुसरं काहीही चालू ठेवा, कॉलर नको.

सुईबद्दल कंजूषपणा करू नका. आठ-दहा तास शिवल्यावर सुई बदलायची, ती चांगली दिसत असली तरी. टोक बोथट झालंय का बघायचं तर नखावरून हलकेच फिरवा, ओरखडा उठला की गेली. तुटलेल्या सुईचे सगळे तुकडे जमवून वहीत चिकटपट्टीने लावायचे, तारीख आणि मशीन नंबरासकट. एखादा तुकडा सापडला नाही तर त्या मशिनीजवळचा सगळा माल बाजूला. पोरांचे कपडे आहेत ताई. इथे मात्र मी कडकच आहे.

मग चेकर. मिस्टरांना म्हणावं, पेपरातली एक मोठी बातमी घ्या आणि दोघांनी वेगवेगळं बसून त्यातले सगळे 'र' मोजा. बहुतेक आकडे जुळणार नाहीत, आणि ती तर नुसती एक बातमी होती. दिवसाला पाचशे शर्ट बघणाऱ्या डोळ्याचं काय होत असेल? शेवटी बसवलेल्या चेकरच्या नजरेतून काही खराब शर्ट सुटतात, काही चांगले उगाच मागे येतात, आणि सापडलेला दोष दुरुस्त करायचा खर्च दोनदा पडतो. डेमिंगनी व्यवस्थापकांसाठी चौदा मुद्दे सांगितले होते, त्यातला तिसरा हाच: गुणवत्तेसाठी शेवटच्या तपासणीच्या भरवशावर बसू नका.

म्हणून नवीन चेकर घेऊ नका. आहे तिला खुर्चीवरून उठवा. तिने दिवसातून दोन-तीनदा, ठरलेल्या वेळी नव्हे तर मध्येच, प्रत्येक मशीनपाशी जाऊन नुकतेच शिवलेले सात पीस बघायचे. सातही चांगले तर मशिनीवर हिरवं कार्ड. एक दोष निघाला तर पिवळं, आणि थोड्या वेळाने पुन्हा सात. जास्त निघाले तर लाल, मशीन थांबवायची, कारण शोधायचं, मगच सुरू. मोठ्या कारखान्यांत ही पद्धत जुनी आहे. माझी एक सूचना आहे: कार्ड हॉलकडे तोंड करून टांगू नका, मशीनच्या आतल्या बाजूला लावा. मी काम केलेल्या एका ठिकाणी लाल कार्डावरून जेवणाच्या सुट्टीत टोमणे चालायचे. मग बायका चेकर येताना दिसली की चांगले सात पीस वर आणून ठेवायच्या.

फळ्यावर रोज एकच आकडा लिहा. दिवसभरात तपासलेल्या पिसांत एकूण किती दोष निघाले, त्याचं शंभरावर प्रमाण. 200 पिसांत 26 दोष, म्हणजे 13. एका शर्टात दोन दोष असतील तर दोन मोजायचे. शेजारी त्या दिवसाचा सगळ्यात जास्त आलेला दोष लिहा. नाव कुणाचंही नको. दुरुस्तीचा पीस ज्या बाईचा तिच्याकडेच जावा, पण चूक कटिंगची किंवा मशिनीची असेल तर दुरुस्तीचे पैसे तिला वेगळे द्यायचे. हा नियम तुम्हाला झोंबेल. झोंबला की तुम्ही सुई वेळेवर आणाल.

आयएसओबद्दल थोडक्यात. आयएसओ 9001 हे शर्टाचं प्रमाणपत्र नाही, कामाच्या पद्धतीचं आहे. वाकडी पद्धत नीट लिहून ठेवली तर ती नीट लिहिलेली वाकडी पद्धत होते. व्यापारी मागेल तेव्हा घ्या. तोवर फ्यूजिंग मशीन बघा.

व्यापाऱ्याशी मात्र बसून बोलायला हवं. ऑर्डर व्हॉट्सअॅपवरच्या फोटोवरून घेता ना? शिवायच्या आधी एक पूर्ण शर्ट त्यांच्या सहीचा आणि सीलचा मागून घ्या, आणि तो हॉलमध्ये टांगा. प्रत्येक माप किती पुढे-मागे चाललेलं चालेल, गळ्याला अर्धा सेंटिमीटर की एक, हे कागदावर. कोणता दोष मोठा आणि कोणता किरकोळ, तेही. पुढच्या वेळी त्यांचा माणूस यायच्या आधी तुम्हीच 80 काढून बघा. पेट्यांच्या वरून नको, तळातूनही. आणि पावसाळ्यात इस्त्रीची वाफ जिरायच्या आत पिशवीत भरू नका. आपल्याकडच्या जुलैच्या हवेत पिशवीतल्या पिशवीत बुरशी येते.

राहिला तो लॉट. सगळेच्या सगळे 1100 शर्ट बघावे लागतील, त्याला आडवाट नाही. पण ढीग दोषांप्रमाणे लावा, बायकांप्रमाणे नको. टाके सुटलेल्यांची ती शिवण उसवून पुन्हा घाला. फुग्यांच्या कॉलरवर पुन्हा इस्त्री फिरवून फसवू नका, कॉलर बदला. रंग न जुळणाऱ्यांत एकमेकांच्या बाह्या अदलून काही जोड्या लागतील, उरलेले वेगळे ठेवून व्यापाऱ्याला खरं सांगा. शाळा जूनच्या मध्याला उघडतात, त्यालाही माल हवाच आहे. तो घासाघीस करेल, करू द्या.

कॉलर करणाऱ्या त्या दोघींकडे मात्र निरोप पाठवू नका, स्वतः जा. कापलेले पैसे पाकिटात घालून न्या, आणि ते दोन फुगलेल्या कॉलरचे शर्टही न्या. इस्त्री कुठे गार पडते ते त्यांनाच विचारा. त्यांना ते आधीपासून माहीत असणार.